बाबांची पुढची तारीख कधी?

महाराष्ट्रातल्या कौटुंबिक न्यायालयांचे नियम ठरवणाऱ्यांना एका आईचे खुले पत्र

प्रति,
विधी व न्याय विभाग, महाराष्ट्र शासन
आणि
उच्च न्यायालयात कौटुंबिक न्यायालयांच्या नियमांचे काम पाहणारे सन्माननीय सदस्य

सादर नमस्कार.

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. परवा शेजारच्या मुलींबरोबर ओट्यावर पत्ते खेळता खेळता तिने घरात डोकावून विचारलं, "आई, बाबांची पुढची तारीख कधी?" बाकीच्या मुली काही बोलल्या नाहीत, पण एकीचा पान टाकणारा हात थांबला. आमच्या घरात 'तारीख' हा शब्द सहा वर्षं मुक्कामाला आहे. तारीख पडली, तारीख वाढली, तारखेला साहेब रजेवर होते. वडिलांना भेटायला जाण्याला दुसरा काही शब्द असतो, हे तिला ठाऊकच नाही.

मी वकील नाही. तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत कारकून आहे. मुलीचा ताबा माझ्याकडे आहे, म्हणजे लोकांच्या हिशेबाने मी जिंकलेली बाजू. असली पत्रं बहुधा बाप लिहितात. तरी मी लिहिते आहे, कारण गेल्या वर्षी जे झालं ते मला गप्प बसून गिळता येत नाही.

आमचा घटस्फोट परस्परसंमतीने झाला. त्याआधी माझे मामा, निवृत्त मुख्याध्यापक, आम्हा दोघांच्या मध्ये दोन संध्याकाळी बसले. समोर भिंतीवरून काढलेलं कालनिर्णय आणि लाल-निळं पेन. निळं म्हणजे आईकडे, लाल म्हणजे बाबांकडे. गणपती, गौरी, दिवाळीचे दिवस एकेक करून, मे महिना, मुलीचा वाढदिवस, शाळेचं स्नेहसंमेलन, आजारपण, फोन, एसटी स्टँडवर कोणी किती वाजता सोडायचं, बस चुकली तर काय. चार पानं झाली. लग्नाच्या अकरा वर्षांत आम्ही दोघांनी इतकं मन लावून एकत्र केलेलं ते बहुधा एकमेव काम असेल.

ती चार पानं आम्ही संमतीच्या अटींना जोडायला दिली. टाइप होऊन आलेल्या कागदावर कलम ७ होतं: मुलीचा ताबा अर्जदार क्रमांक १ कडे राहील, अर्जदार क्रमांक २ यांना परस्पर सोयीने मुलीस भेटता येईल. बस्स. चार पानांची एक ओळ झाली होती. विचारलं तर उत्तर मिळालं, "एवढं बारीक कोणी लिहीत नाही ताई, पुढे तुम्हालाच अडचण होईल." बाहेर पुकारा झाला होता. सगळेच घाईत होते. आम्ही सह्या केल्या. ती चूक आमचीही आहे, ती मी कुणावर ढकलत नाही.

पहिल्याच दिवाळीला 'परस्पर सोय' बिनसली. मुलीच्या बाबांच्या आईचं मोठं आजारपण नुकतंच उरकलं होतं, म्हणून लक्ष्मीपूजनाला नात हवी. माझ्या भावाकडे भाऊबीज, म्हणून ती आदल्या दिवशी इथे हवी. चार पानांत हे लिहिलेलं होतं: सम वर्षी लक्ष्मीपूजनापर्यंत आई, पाडव्यापासून बाबा, विषम वर्षी उलट. पण आदेशात नव्हतं. माणूस आदेशातलं मानतो, भिंतीवरचं विसरतो. तीन दिवस फोन झाले. मुलगी पिशवी भरून बसली होती, पिशवीत फुलबाज्यांचं एक पाकीट आजीसाठी. तिसऱ्या दिवशी मी सांगितलं की तिला ताप आहे.

तिला ताप नव्हता.

हे जाहीर लिहिताना लाज वाटते, पण लिहायला हवं. मी खोटारडी बाई नाही. पतसंस्थेत चार आण्याचा फरक आला तरी मी रात्री आठपर्यंत वह्या उघडून बसते. पण 'सोय' या शब्दाने माझ्या हातात एक किल्ली दिली आणि मी ती फिरवली. समोरच्याच्या हातात असती तर त्यांनीही फिरवली असती. याआधी फिरवलीही आहे. ज्या दोघांना एकमेकांची सोय बघता येते ते न्यायालयाच्या पायऱ्या चढतच नाहीत. जे चढतात त्यांच्याच आदेशात हा शब्द घालायचा, म्हणजे ज्यांचं पटत नाही म्हणून आले त्यांना 'पटवून घ्या' सांगून परत पाठवायचं. माझी पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार या एका शब्दाची आहे.

दुसरी तक्रार वाराची. घटस्फोटाआधीच्या पाच वर्षांत आमच्याकडे अंतरिम, म्हणजे तात्पुरता, आदेश होता: महिन्याचा पहिला आणि तिसरा शनिवार, सकाळी ११ ते १, न्यायालयाच्या आवारातला बालकक्ष. मुलीचे वडील भोसरीला कारखान्यात आहेत. पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्याशी संबंध आलेल्या कुणालाही विचारा, तिथल्या किती कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. म्हणजे दर भेटीला एक बिनपगारी रजा. येताना साडेतीन तास एसटी, जाताना तेवढेच. इकडे मुलीची शनिवारची सकाळची शाळा बुडणार. दोन तासांतला अर्धा तास रजिस्टरात नोंद, ओळखपत्र आणि समुपदेशक मॅडम दुसऱ्या जोडप्यात अडकल्या आहेत यात जायचा. आदेश झाला तेव्हा कुणी विचारलं नव्हतं की तुमची सुट्टी कधी असते. विचारायला अर्जात तो रकानाच नाही.

त्या बालकक्षाबद्दल मला वाईट बोलायचं नाही. कुणीतरी मनापासून भिंतीवर ससे आणि मोर काढले आहेत. ज्यांना एकमेकांची भीती वाटते अशा घरांतल्या मुलांना ती खोली फार मोलाची आहे. पण आमच्या घरात मारहाण नव्हती, व्यसन नव्हतं. दोन माणसांचं पटलं नाही, एवढंच. मुलगी तीन वर्षांची असताना झालेला आदेश ती आठ वर्षांची होईपर्यंत तसाच चालला. तीन वर्षांच्या मुलीला दोन तास पुरतात, चेंडू आणि ठोकळे पुरतात. आठ वर्षांच्या मुलीला वडिलांबरोबर सायकलचं पंक्चर काढायला जायचं असतं. ती त्या छोट्या खुर्चीवर गुडघे दुमडून बसायची आणि वडील तिला पाढे विचारायचे, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. २०२० च्या टाळेबंदीत तो कक्षही बंद झाला. फोनवर बोलण्याबद्दल आदेशात अक्षर नव्हतं, म्हणून कितीतरी महिने तेही भांडणात गेलं.

त्याच वर्षाच्या जानेवारीत, २० तारखेला, यशिता साहू विरुद्ध राजस्थान राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की आई आणि वडील दोघांचं प्रेम आणि सहवास ही मुलाची नुसती गरज नाही, तो त्याचा मूलभूत मानवी हक्क आहे. आणि ज्याच्याकडे ताबा नाही त्याला मुलाशी शक्यतो रोज पाच-दहा मिनिटं बोलता यायला हवं. मला हे कळलं तेव्हा टाळेबंदी उठून दोन वर्षं झाली होती. सर्वोच्च न्यायालयाचं वाक्य माझ्या तालुक्यापर्यंत यायला वेळ लागतो हे समजू शकते. पण भेटीच्या आदेशाचा एखादा छापील नमुना असता आणि त्यात 'रोजचा फोन: वेळ ____' अशी एक रिकामी जागा असती, तर ते वाक्य पहिल्याच दिवशी आमच्या घरी पोचलं असतं.

तिसरी तक्रार सुट्टीची. शाळेला दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी असते. न्यायालयालाही नेमकी तेव्हाच असते. जे दिवस वडिलांकडे राहायचे, त्याच दिवसांत दाद मागायला दार बंद. म्हणून एप्रिलमध्येच अर्ज करायचा: उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलीला आठ दिवस पाठवण्याची परवानगी द्यावी. समोरच्याने 'से', म्हणजे आपलं लेखी म्हणणं, द्यायचा. 'से'साठी मुदत मागायची. मग पुढची तारीख पडते जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, आणि शाळा सुरू होते १५ जूनला. आमच्या प्रकरणाच्या रोजनाम्यात एकदा लिहून आलं आहे की सुट्टी संपल्याने अर्जात तथ्य उरलेलं नाही. पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा तोच अर्ज, वर्षाचा आकडा बदलून. दिवाळी दर वर्षी येते, मे महिना दर वर्षी येतो. त्यांच्यासाठी दर वर्षी नवा अर्ज का?

सणांची आणखी एक गोष्ट आहे, जी बाहेरून आणलेल्या कुठल्याही नमुन्यात मिळणार नाही. आपले सण तिथीने येतात. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती, २०२६ मध्ये १४ सप्टेंबरला. 'दर वर्षी ऑगस्टचा शेवटचा आठवडा वडिलांकडे' असा आदेश एक वर्ष गणपतीचा असतो आणि पुढच्या वर्षी सहामाहीच्या अभ्यासाचा. वेळापत्रक लिहायचं तर तिथीने लिहायला हवं, आणि घराघरातला गणपती दीड दिवसाचा, पाच दिवसांचा की दहा, तेही विचारून. ज्यांच्या घरी ईद, नाताळ, बुद्ध पौर्णिमा किंवा १४ एप्रिल मोठा, त्यांचं त्यांच्याप्रमाणे. हे अवघड काम नाही. मामांनी दोन संध्याकाळी केलं.

कायद्याचं वाचायला लागले तेव्हा एक गोष्ट अशी सापडली की मी ते पान दोनदा वाचलं. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली मुलांचा ताबा, पालनपोषण आणि शिक्षण यांबद्दल आदेश होतात. २००१ मध्ये त्यात एक परंतुक, म्हणजे कलमाला जोडलेली अट, घातलं गेलं: मूळ दावा चालू असताना मुलांच्या पालनपोषणाचा आणि शिक्षणाचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा. फार चांगलं. पण ताब्याचं आणि भेटीचं नाव त्या परंतुकात नाही. म्हणजे मुलाच्या फीला साठ दिवसांचं घड्याळ आहे, मुलाच्या बापाला किंवा आईला भेटण्याला घड्याळच नाही. आणि चार वर्षांच्या मुलाचे सहा महिने म्हणजे काय, हे ज्याने मूल वाढवलं आहे त्याला सांगावं लागत नाही. सहा महिन्यांनी भेटलेल्या बापाला माझी मुलगी 'काका' म्हणाली होती. तिथल्या शिपाईमामांनी मान वळवली.

मोडलेल्या भेटीची तक्रार कुठे करायची हा वेगळाच खेळ आहे. आदेश असतानाही मूल आणलं नाही तर दरखास्त करा, म्हणजे आदेशाच्या अंमलबजावणीचा अर्ज, नाहीतर अवमानाचा अर्ज करा. एका शनिवारसाठी वकिलाची फी, नोटीस, 'से', तारीख. तोवर चार शनिवार गेलेले असतात, आणि ज्याने मोडलं त्याला काहीच तोशीस नाही. साधी रीत असावी ना, की बुडालेली भेट पुढच्या रविवारी आपोआप भरून निघेल? दूधवाला खाडा कापतो, भेटीचा खाडा कोणी मांडत नाही. याच्याच जोडीला पोटगी. "पोटगी थकली, मुलगी पाठवत नाही" आणि "मुलगी दाखवत नाही, पोटगी देत नाही" ही दोन वाक्यं मी त्या व्हरांड्यात इतक्या जणांच्या तोंडून ऐकली आहेत की कोण नवरा, कोण बायको ते ओळखावं लागू नये. दोन्ही गोष्टी मुलाच्या आहेत. एक अडवून दुसरी वसूल करायची नसते, हे आदेशावर ठळक छापायला कुणाची हरकत असेल असं वाटत नाही.

आणि आजी-आजोबा. माझ्या माजी सासूबाई, ज्यांना मी अजून आईच म्हणते, पाच वर्षांत चारदा बालकक्षापर्यंत आल्या. आदेशात नाव वडिलांचं, म्हणून दोनदा त्यांना बाहेर बाकावर बसावं लागलं. एकदा संक्रांतीला आल्या होत्या. हलव्याचे दागिने केले होते नातीसाठी, तिच्या मापाचा मुकुट, बाजूबंद, सगळं. खाण्याची वस्तू आत नेता येत नाही म्हणून तो डबा बाहेरच राहिला. मी ताब्याची बाजू होते, मी नुसतं "जाऊ द्या त्यांना" म्हटलं असतं तर बहुधा सोडलं असतं. मी म्हटलं नाही. तेव्हा मी फार रागात होते.

आता कुणी म्हणेल, हे सगळं नव्याने शोधून काढायला तज्ज्ञ समिती हवी. नको. विधी आयोगाने मे २०१५ मध्ये आपला २५७ वा अहवाल दिला, पालकत्व आणि ताब्याच्या कायद्यांतल्या सुधारणांवर. न्यायमूर्ती ए. पी. शहा तेव्हा अध्यक्ष होते. १८९० च्या पालक व पाल्य कायद्यात नवं प्रकरण घालावं असं त्यात सुचवलं आहे: संयुक्त ताबा, भेटीची व्यवस्था, मध्यस्थी, मुलाचं मत कसं विचारात घ्यावं, आजी-आजोबांचा वेळ, गाव बदललं तर काय. त्याला दहा वर्षं होऊन गेली. मूळ कायदा मात्र तोच, १८९० चा, राणीच्या राज्यातला. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम ६ मध्ये अजून असंच लिहिलेलं आहे की नैसर्गिक पालक वडील आणि त्यांच्या 'नंतर' आई. पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईजवळ. १९९९ मध्ये गीता हरिहरन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या 'नंतर'चा अर्थ रुंद केला तेव्हा कुठे आम्हाला थोडी जागा झाली. पालक कोण यावर शंभर वर्षं वाद झाला. पालकाने मंगळवारी काय करायचं, यावर मात्र ओळ नाही.

माझा मावसभाऊ टेक्ससमध्ये असतो, डॅलसजवळ. त्याचाही घटस्फोट झाला. तिथे कुटुंबाचा कायदा प्रत्येक राज्याचा वेगळा असतो. टेक्ससच्या कायद्यात भेटीचं एक ठरीव वेळापत्रकच छापलेलं आहे, तीन वर्षांवरच्या मुलांसाठी. दोघांचं वेगळं काही ठरलं तर तसं, नाही ठरलं तर हे: महिन्याचा पहिला, तिसरा आणि पाचवा शनिवार-रविवार, शाळा चालू असताना गुरुवारची संध्याकाळ, उन्हाळ्यात ३० दिवस, नाताळची सुट्टी सम-विषम वर्षांप्रमाणे अर्धी अर्धी, वाढदिवसाला संध्याकाळी सहा ते आठ. दोघं शंभर मैलांहून दूर राहत असतील तर त्यासाठी वेगळा हिशेब. वॉशिंग्टन राज्याने तर १९८७ च्या कायद्यातच लेखी पालकत्व आराखडा, म्हणजे मूल कधी कोणाकडे याचा कागद, आणला. तिकडे सगळं सुरळीत आहे असं मी म्हणत नाही. माझ्या भावाने वकिलाला दिलेल्या पैशांत आमच्याकडे दोन खोल्या बांधून झाल्या असत्या. पण तो आणि त्याची बायको एकमेकांशी धड बोलत नसतानाही, मुलगा शुक्रवारी संध्याकाळी सहाला कुठे असणार हे मुलाला माहीत असतं. कुणाची सोय विचारावी लागत नाही.

केंटकीने २०१८ पासून आणि फ्लोरिडाने २०२३ पासून याही पुढे जाऊन निम्मा-निम्मा वेळ हेच गृहीत धरायला सुरुवात केली. मी ते मागत नाही. इथे कित्येक घरांत बाई जीव मुठीत धरून निघालेली असते, आणि भेटीच्या नावाखाली तिचा पत्ता शोधला जातो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २१ मध्ये न्यायदंडाधिकाऱ्यांना भेट नाकारण्याचा अधिकार आहे, तो तसाच राहायला हवा, आणि तो आदेश व कौटुंबिक न्यायालयाचा आदेश एकमेकांना छेद देणार नाहीत एवढंही पाहायला हवं. जिथे धोका आहे तिथे बालकक्ष, देखरेख, गरज असेल तर भेट नाहीच. पण धोका नसलेल्या घरांनाही तीच खोली आणि तेच दोन तास देणं म्हणजे सर्दीला आणि हाडमोडीला एकच प्लास्टर.

'हा केंद्राचा विषय आहे' हे उत्तर कृपया देऊ नका. विवाह, घटस्फोट आणि अज्ञान मुलं हे विषय समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्या यादीत, आहेत, पाचव्या नोंदीत. आणि मी तर कायदाही बदलायला सांगत नाही. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याचं कलम २१ उच्च न्यायालयाला नियम करू देतं, कलम २३ राज्य शासनाला. त्याच अधिकारात महाराष्ट्राचे १९८७ चे आणि १९८८ चे नियम झाले. त्यात भर घालायला संसदेची वाट पाहावी लागत नाही. काही उच्च न्यायालयांनी भेटीच्या मार्गदर्शक सूचना आणि पालकत्व आराखड्याचा नमुना आधीच स्वीकारला आहे. म्हणजे पाया घातलेला आहे, भिंत उभी करायची आहे.

माझ्या मागण्या अशा:

१. मुलाचा ताबा किंवा भेट यांचा कोणताही आदेश, अंतरिम असो वा संमतीचा, लेखी वेळापत्रकाशिवाय निघू नये. 'परस्पर सोयीने' आणि 'वाजवी भेट' हे शब्द एकटे चालणार नाहीत, असं नियमातच लिहा.

२. त्यासाठी मराठीत छापील नमुना द्या. त्यात आई-वडिलांचा साप्ताहिक सुट्टीचा वार, दोन घरांमधलं अंतर, शाळेची वेळ, सण (तिथीने, सम-विषम वर्ष), मे महिना, रोजचा फोन, मूल कुठे आणि किती वाजता सोडायचं, आजारपणात काय, आजी-आजोबा, शाळेचे निकाल आणि दवाखान्याचे कागद दोघांना मिळणं, हे सगळे रकाने हवेत. दोघांचं जुळलं नाही तर लागू होईल असं एक ठरीव वेळापत्रकही हवं. न्यायाधीशांना त्यात बदल करायचा असेल तर जरूर करावा, कारण लिहून.

३. भेटीचा पहिला अंतरिम अर्ज नोटीस बजावल्यापासून ६० दिवसांत निकाली निघावा. फीला जे घड्याळ लावलंत तेच.

४. मूल तीन, सहा आणि बारा वर्षांचं झालं की वेळापत्रक समुपदेशकांपुढे आपोआप फेरविचाराला यावं. नवा दावा नको, एक पुरसिस, म्हणजे न्यायालयाला दिलेलं साधं लेखी निवेदन, पुरे. मुलाला समज आली असेल तर त्याला विचारावं, पण भर न्यायालयात उभं करून नव्हे आणि 'आई हवी की बाबा' असं तर कधीच नव्हे.

५. बुडालेल्या भेटीची भरपाई ठरावीक दिवसांत, अर्जाशिवाय. वारंवार बुडवणाऱ्याला खर्चाचा भुर्दंड. पोटगी आणि भेट एकमेकींना बांधू नयेत.

६. सुट्टीच्या काळात प्रत्येक जिल्ह्यात मुलांच्या भेटीपुरते एक न्यायाधीश उपलब्ध असावेत, ऑनलाइन असले तरी चालतील.

सातवी मागणी जिथे कौटुंबिक न्यायालयच नाही त्या भागांसाठी आहे. दहा लाखांवर वस्तीच्या शहरासाठी ते स्थापणं कायद्याने बंधनकारक आहे. बाकीच्या ठिकाणी हीच प्रकरणं जिल्हा न्यायालयात जातात, आणि तिथे समुपदेशक नाहीत, बालकक्ष नाही. तिथली मुलं व्हरांड्यात, बेड्या घातलेल्या आरोपीशेजारी उभी राहून बापाला भेटतात. ग्रामपंचायतीची बालवाडी रविवारी रिकामी असते. शाळा रिकाम्या असतात. त्यांतली एक खोली मिळवायला किती मोठी फाइल लागेल, ते आपणच सांगा.

आमच्यापुरतं म्हणाल तर तापाच्या त्या दिवाळीनंतर मी स्वतःच फोन केला, खोटं बोलले ते सांगितलं, आणि ती चार पानं पुन्हा भिंतीवर लावली. ती आता पाळली जातात. पण त्यांना कागद म्हणून किंमत नाही. उद्या त्यांनी दुसरं लग्न केलं, मी केलं, कुणाची बदली झाली, तर उरेल ते कलम ७. त्या पानांना आदेशाचा भाग करून घ्यावं असा अर्ज आम्ही दोघांनी मिळून या महिन्यात दिला आहे. दोघांच्या सह्यांचा अर्ज बघून टेबलापलीकडच्या बाईंनी विचारलं, "मग भांडण काय आहे?" पुढची तारीख दोन महिन्यांनंतरची मिळाली.

पत्राचं उत्तर मला नाही दिलंत तरी चालेल, नियमांच्या राजपत्रात दिलंत तर पुष्कळ झालं.

आपली नम्र,
एक आई

सोबत: वेळापत्रकाची प्रत, पाने ४.

ता.क. प्रत काढण्याआधी मुलीला वाचायला दिली होती. तिने पान ३ वर शिसपेन्सिलीने एक दुरुस्ती केली आहे, ती तशीच ठेवली आहे. रविवारी परत निघायची वेळ संध्याकाळी ५ च्या जागी ६ करावी. आजीच्या भज्यांचा घाणा पाचला निघतो.